बिननंबरचा

आधीच सांगून टाकतो, नोकरी मिळाली. १३९व्या दिवशी, २ एप्रिलला, हातात ४१ दिवस शिल्लक असताना. त्यामुळे 'आता याचं काय होणार' या टेन्शनमध्ये वाचू नका. ही त्या नोकरीची गोष्ट नाहीच. मी एका उन्हाळ्यात आठवड्यातून तीनदा एका कुंपणाला टेकून पोरांना पळताना बघत उभा राहायचो, त्याची आहे.

उन्हाळा म्हणजे इथला, मेलबर्नचा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. आणि पोरं म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी कॅलेंडरवर अचानक एक मीटिंग उगवली. 'क्विक कॅचअप', पंधरा मिनिटं. मॅनेजरच्या शेजारी एक अनोळखी चेहरा असलेल्या पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये काय होतं, हे आयटीतल्या कुणालाही विचारा. इथे त्याला 'रिडंडन्सी' म्हणतात. म्हणजे तू वाईट नाहीस, तुझी जागाच राहिली नाही. तासाभरात लॅपटॉप लॉक. एका फंक्शनला काय नाव द्यावं यावर मी सकाळपासून अडलो होतो. ते नाव सुचलं ते लॅपटॉप लॉक झाल्यावर, ट्रेनमध्ये.

माझा व्हिसा ४८२. कंपनी स्पॉन्सर करते तोवर तुम्ही इथले. कंपनी सुटली की हातात १८० दिवस. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधा, दुसरा कुठला व्हिसा काढा, नाहीतर बॅग भरा. १ जुलै २०२४च्या आधी हे फक्त ६० दिवस होते, म्हणजे मी तसा नशीबवान. मोबाइलवर मोजलं. १३ मे.

शनिवार-रविवार कुणालाच सांगितलं नाही. टार्नीटला आम्ही चौघं एका घरात राहतो, चौघंही आपल्याकडचे, आणि चौघांच्या घरच्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप कुठून ना कुठून जुळलेले. एकाला सांगितलं की रात्रीपर्यंत कोल्हापुरात. म्हणून सोमवारी नेहमीसारखा सातला उठलो, डबा भरला, बॅग पाठीला लावली आणि नेहमीची ट्रेन पकडली. सिनेमात नोकरी गेलेला माणूस बागेत जाऊन बसतो, तसं. मला सिनेमातल्या त्या माणसाचा नेहमी राग यायचा, सांगून का टाकत नाही म्हणून.

सनशाइनच्या आसपास फोनवर क्लबच्या ॲपचं नोटिफिकेशन आलं. प्री-सीझन ट्रेनिंग आजपासून सुरू, पहिल्या ते चौथ्या वर्षाचे खेळाडू व्हिटन ओव्हलवर परत. पुढचं स्टेशन फुट्सक्रे. मी उतरलो, गाडी बदलली आणि वेस्ट फुट्सक्रेला जाऊन पोचलो.

थोडं खेळाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथे फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लोक 'फूटी' म्हणतात. मैदान क्रिकेटचं, लंबगोल. चेंडू अंड्याच्या आकाराचा. एका बाजूला अठरा जण. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या छोट्या फटीतून गेला तर एक. म्हणजे चुकलात तरी जवळपास चुकल्याबद्दल एक गुण मिळतो. इंजिनिअरिंगच्या पेपरात स्टेप्सना मार्क देतात ना, तसं. ऑफसाइड नाही, हेल्मेट नाही, पॅड नाहीत. एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत चढतो आणि चेंडू पकडतो, आणि हे नियमात बसतं.

मी २०२२मध्ये इथे आलो तेव्हा ऑफिसमध्ये पहिल्या आठवड्यातच तिघांनी विचारलं, 'तुझी टीम कुठली?' व्हेज की नॉनव्हेज विचारायच्या आधी. मी राहायला पश्चिमेला, म्हणून पश्चिमेची टीम घेतली. यामागे विचार काही नव्हता. पण मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आमच्याकडे फुटबॉलची टीम विचार करून निवडत नाहीत. ज्या पेठेत जन्मलात, ज्या तालमीच्या गल्लीत वाढलात, ती तुमची टीम. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते बघावेत. त्यामुळे गल्लीवरून क्लब ठरवायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तर तीन वर्षं मी मॅचेस बघत होतो. ट्रेनिंग कधीच बघितलं नव्हतं. ते सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सकाळी असतं, आणि त्या वेळी माणसं स्टँडअपमध्ये असतात.

व्हिटन ओव्हल हे नाव टेड व्हिटनचं. क्लबचा सगळ्यात मोठा खेळाडू. बाहेर त्याचा पुतळा आहे. आधी हे वेस्टर्न ओव्हल होतं, १९९५मध्ये तो गेला त्या वर्षी नाव बदललं. इथे मुख्य लीगची मॅच शेवटची झाली १९९७मध्ये. त्यानंतर मोठ्या मॅचेस मोठ्या स्टेडियमवर, आणि इथे सराव. मैदानावर वारा असा वाहतो की टोपी धरूनच बसावं लागतं. या वाऱ्याबद्दल जुने लोक अभिमानाने बोलतात, जणू क्लबनेच तो बसवून घेतलाय.

त्या दिवशी कुंपणाला बारा-पंधरा माणसं होती. बहुतेक रिटायर झालेली, दोन-तीन शिफ्टवाले, एक बाबागाडीवाला बाप. आणि एक बाई, पासष्टीच्या आसपास, फोल्डिंगची खुर्ची, थर्मॉस, मांडीवर शब्दकोड्याचं पुस्तक. मी शेजारी उभा राहिलो तेव्हा माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि लॅपटॉपच्या बॅगेकडे बघून तिने इतकंच विचारलं, 'ऑफिसला दांडी, लव्ह?'

मी हो म्हटलं. तिसऱ्या आठवड्यापासून तिने हा प्रश्न विचारायचा बंद केला आणि माझ्यासाठी एक जास्तीचा कप आणायला लागली.

ट्रेनिंगमध्ये बघण्यासारखं काय असतं, असा प्रश्न पडला असेल. खरं सांगू, पहिले दोन दिवस मलाही पडला. कोन मांडलेत, पोरं पळतायत, शिट्टी वाजते, उलट्या दिशेने पळतायत. स्कोअर नाही, विरुद्ध टीम नाही, कॉमेंट्री नाही. मोबाइलवर पंधरा सेकंदांचे रील बघायची सवय लागलेल्या डोळ्यांना हे म्हणजे लोडिंगचं चक्र बघत बसण्यासारखं.

पण हळूहळू दिसायला लागतं. डाव्या पायाने कोण मारायचं टाळतो. ड्रिल संपल्यावर कोन कोण उचलतो आणि कोण नाही. मैदानाच्या पलीकडच्या कडेने तीन-चार जण वेगळेच हळू फेऱ्या मारत असतात, ती रिहॅबवाली पोरं. गुडघा, मांडी, खांदा. त्यातला एखादा एके दिवशी मुख्य ग्रुपमध्ये दिसला की कुंपणावर कुजबुज होते. कुणाच्या डोक्यावर वेगळ्या रंगाची टोपी दिसली की समजायचं, याला धक्का द्यायचा नाही, अजून कच्चा आहे. प्रत्येकाच्या जर्सीखाली, दोन खांद्यांच्या मधोमध एक छोटा उंचवटा असतो. तो जीपीएस. किती मीटर, किती वेगात, किती वेळा दिशा बदलली, सगळं कोचच्या स्क्रीनवर. असली यंत्रं जगभर विकणारी कॅटापल्ट ही कंपनी मेलबर्नचीच, २००६मध्ये सुरू झालेली. मी तिथेही अर्ज केला होता, हे ओघात आलं म्हणून सांगतो.

आणि मग दोन किलोमीटरची टाइम ट्रायल. प्री-सीझनमधली फॅन लोकांची ही सगळ्यात लाडकी गोष्ट. फूटीत दोन किलोमीटर सरळ पळायची वेळ कधीच येत नाही, तरी या आकड्यावर लोक महिनाभर बोलतात. पुढची पोरं सहा मिनिटांच्या आसपास संपवतात. एका संध्याकाळी मी टार्नीटला तळ्याभोवती पळून बघितलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद, आणि नंतर वीस मिनिटं गवतावर आडवा.

कुंपणावरच्या माणसांची एक भाषा असते. नोव्हेंबरात प्रत्येक खेळाडू 'आयुष्यातल्या सर्वोत्तम शेपमध्ये' असतो. जो बारीक झालाय तो 'हलका झाला, आता पळेल' आणि जो जाड झालाय त्याने 'अंगावर मास चढवलं, आता भिडेल'. कुणीच वाईट दिसत नाही. सगळ्या अठरा क्लबांचा स्कोअर शून्य असतो तेव्हा असंच होणार. मी हे त्या बाईंना म्हटलं, तर त्या शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाल्या, 'मी बासष्ट वर्षांतली बरीचशी अशीच काढलीत.'

बासष्ट म्हणजे १९५४ ते २०१६. हा क्लब १९२५पासून लीगमध्ये आहे आणि इतक्या वर्षांत दोनदा जिंकलाय. एकदा १९५४मध्ये, मग थेट २०१६मध्ये. त्या वर्षी ते गुणतक्त्यात सातवे होते. तिथून चार मॅचेस ओळीने जिंकत गेले आणि फायनलला सिडनीला २२ गुणांनी हरवलं. कॅप्टन बॉब मर्फीचा गुडघा सीझनच्या सुरुवातीलाच गेला होता, तो बाहेर बसलेला. कोच ल्यूक बेव्हरिजने स्टेजवर त्याला बोलावलं आणि स्वतःचं मेडल त्याच्या गळ्यात घातलं. मी ती क्लिप इथे यायच्या आधी हिंजवडीत बघितली होती, खेळातलं काही कळत नसताना. तरी घसा दाटला होता.

बाईंना मात्र २०१६पेक्षा १९८९बद्दल बोलायला जास्त आवडायचं. त्या वर्षी क्लब कर्जात बुडाला आणि लीगने ठरवलं की याला फिट्झरॉय क्लबमध्ये विलीन करून टाकू. संपला विषय. तर आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी सपोर्टर कोर्टात गेली. पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने लढाई अंगावर घेतली. कोर्टाने तीन आठवडे दिले. तेवढ्यात सुमारे १५ लाख डॉलर उभे करा. लोक दारोदार फिरले, सिग्नलवर डबे हलवले. क्लब वाचला. 'मी तेव्हा तुझ्या वयाची होते,' बाई म्हणाल्या. 'बार्कली स्ट्रीटवर डबा घेऊन उभी राहायचे. एका माणसाने त्याच्या पगाराचं पाकीटच टाकलं होतं. मी परत दिलं, तर त्याने पुन्हा टाकलं.'

त्याच बार्कली स्ट्रीटवर आता ओळीने इंडियन हॉटेलं आहेत. मी तिथे डोसा खातो.

बिननंबरचा मला दिसला तो डिसेंबरात. तोवर सीनियर परतले होते, कॅप्टन मार्कस बोंटेम्पेली मैदानात आला की कुंपणावरची माणसं सरळ उभी राहायची. ड्राफ्टमधून निवडलेली अठरा वर्षांची पोरं आली होती, कोऱ्या बुटांत. सगळ्यांच्या अंगावर नंबर. फक्त दोघांच्या नव्हता. त्यातला एक साधारण बावीस-तेवीसचा, तांबूस केसांचा, उंचीने मध्यम, पायांत नडग्यांपर्यंत ओढलेले मोजे.

'हे ट्रायलवाले,' बाईंनी सांगितलं.

मग मी घरी जाऊन वाचलं. क्लबला किती खेळाडू ठेवता येतात याची मर्यादा असते. कुणी जखमी होऊन वर्षभरासाठी बाहेर गेला, कुणी अचानक रिटायर झाला, की यादीत जागा होते. ती भरायला क्लब काही पोरांना उन्हाळाभर सरावाला बोलावू शकतो. सीझन सुरू व्हायच्या आत आवडला तर करार, नाही तर 'थँक्स मेट'. ही पद्धत २०१८च्या शेवटी आली. आपल्याच क्लबचा अँथनी स्कॉट २०२१मध्ये असाच दुसऱ्या फळीतून आला आणि त्याच सीझनमध्ये मुख्य टीमकडून खेळला. म्हणजे होतं असं. पण प्रत्येकाचं होत नाही, एवढं गणित मलाही येतं.

त्या दिवसापासून मी बाकी कुणाकडे फार बघितलं नाही.

तो प्रत्येक ड्रिलमध्ये पहिला उभा राहायचा. दुसऱ्याच्या चुकलेल्या किकमागे धावायचा. सेशन संपल्यावर कोन गोळा करायचा, तेही कुणाला दाखवायला नाही, कारण कोच तोवर आत गेलेले असायचे. एकदा मी कार पार्कमधून जाताना तो त्याच्या यूटच्या मागे उभा राहून कपडे बदलत होता. ट्रेनिंगचा शर्ट काढून पिवळाधमक हाय-व्हिज घातला, बूट काढून स्टीलच्या टोकाचे बूट घातले, आणि गेला कामावर. प्लंबर असेल, सुतार असेल. सकाळी नऊ ते बारा फुटबॉलर, पुढे हे. माझं बरोबर उलटं होतं. मी सकाळी ऑफिसचा माणूस असल्यासारखा दिसायचो आणि दुपारी फुट्सक्रेच्या लायब्ररीत बसून अर्ज भरायचो.

अर्जांचा मी एक्सेलमध्ये हिशोब ठेवला होता. कंपनी, तारीख, स्पॉन्सर करतात का, राउंड, उत्तर. त्याच फाइलमध्ये दुसरी शीट त्याची. तारीख, मॅच सिम्युलेशनमध्ये कुठल्या टीमकडे घेतला, किती वेळ. पहिल्या शीटपेक्षा दुसरी मी जास्त प्रामाणिकपणे भरली.

आता पप्पा.

पप्पा केएमटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. मी लहान असताना रविवारी पहाटे ते मला गंगावेस तालमीत घेऊन जायचे. कुस्ती बघायला नाही. कुस्ती खासबागेत, तिकीट काढून. तालमीत जायचं ते मेहनत बघायला. आमच्याकडे पैलवानाच्या सरावाला मेहनतच म्हणतात. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती, तिचा तो आंबूस वास, बल्बचा पिवळा उजेड, आणि पोरं जोर मारतायत, बैठका काढतायत. शंभर, दोनशे, पाचशे. मला कंटाळा यायचा. मी विचारायचो, पप्पा, जिंकलं कोण? ते म्हणायचे, 'हितं कोण जिंकत न्हाई. गप बघ.' भिंतीला टेकून तासभर बघायचे. ओळखीचा एकही पैलवान नसायचा. परत येताना सांगायचे, त्यो कोपऱ्यातला बघिटलास? त्यो वर जाणार. त्यातले किती वर गेले, मला माहीत नाही. त्यांनाही नसणार.

मेलबर्न उन्हाळ्यात भारताच्या साडेपाच तास पुढे. इथे साडेदहा म्हणजे तिथे पहाटेचे पाच, पप्पांची उठायची वेळ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कुंपणाला होतो. कट करायच्या ऐवजी चुकून उचलला.

'कुठं हायस?'

'इथंच. एका क्लबच्या ग्राउंडवर.'

'आज हापिस न्हाई व्हय?'

'सुट्टी घेतलीय पप्पा.' मी घाईघाईने कॅमेरा फिरवला. 'हे बघा, तुम्हाला दाखवतो. मॅच नाही, सराव चाललाय.'

ते गप्प बसून बघत राहिले. वारा नुसता घों घों करत होता. मग म्हणाले, 'मेहनत बघायला आलायस व्हय. बरं केलंस.'

त्यानंतर मी रोज पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवायला लागलो. एक कारण असं की व्हिडिओ गेला की फोन येत नाही. दुसरं असं की पप्पा उत्तर द्यायचे, आणि आमच्यात बोलण्यासारखं असं काही बऱ्याच वर्षांत नव्हतं. इंजिनिअरिंगला गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे जेवलास का, पैसे हायत का, थंडी हाय का. आता अचानक त्यांची मतं यायला लागली. 'चेंडू पकडताना डोळे मिटतोय तो ११ नंबर.' 'ह्यांच्या मांड्या बारीक हायत, बैठका कमी पडत्यात.' आणि चौथ्या की पाचव्या व्हिडिओला: 'पाठीवर नंबर न्हाई त्यो कोण?'

मी सांगितलं. करार नाही, यादीत नाव नाही, उन्हाळाभर ट्रायल.

थोड्या वेळाने मेसेज आला. 'त्याला नीट दाखवत जा.'

ख्रिसमसला दोन-तीन आठवडे सुट्टी. तेवढे दिवस ट्रेनिंग नाही, इंटरव्ह्यू नाहीत, कंपन्यांची दारं बंद. घरातल्या तिघांना वाटलं मी सुट्टीवर आहे. त्या काळात मला जे काही वाटायचं ते लिहीत नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी वर्ष बदललं, एवढंच.

जानेवारीत पोरं परत आली. चाळिशीच्या वरचं ऊन असलं की सेशन पहाटे उरकायचे, मी पहिल्या ट्रेनने जायचो. एका बुधवारी चेंडू कुंपणावरून उडून माझ्या पायाशी आला, आणि तो घ्यायला नेमका बिननंबरचा धावत आला. बाई म्हणाल्या, 'मार, लव्ह, किक मार.' आता मी शिवाजी पेठेतला. पायाशी चेंडू आला तर हाताने उचलून देणं शक्यच नाही. मारला. गोल चेंडूच्या हिशोबाने मारला. तो अंड्यासारखा चेंडू पायाच्या बाहेरच्या कडेवरून निसटून काटकोनात गेला आणि बाबागाडीच्या चाकाला लागला.

बिननंबरचा हसला. उडी मारून कुंपणाच्या अलीकडे आला, चेंडू घेतला, बाळाकडे बघून सॉरी म्हणाला, आणि मला म्हणाला, 'खाली धर मेट, वर उडवू नको, हातातून पायावर सोडायचा.' मग परत पळाला.

आमचं बोलणं झालं ते इतकंच. तो किस्सा पप्पांना फोनवर तीनदा सांगायला लागला.

फेब्रुवारीत सगळं बदलतं. पळणं कमी, खेळणं जास्त. दोन टीम पाडून आपसात पूर्ण मॅच खेळतात. कुंपणावर गर्दी वाढते, रिकामटेकड्यांची मक्तेदारी संपते. एका शुक्रवारी त्या दोन टीममध्ये बिननंबरचा कुठेच नव्हता. तो बाउंडरीच्या बाहेर, पाण्याच्या बाटल्यांपाशी, हाताची घडी घालून उभा. शेवटच्या क्वार्टरला त्याला आत घेतलं. त्याने दोन चांगल्या किक मारल्या, एक चेंडू हातातून सुटला. तो सुटला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मला माहीत होतं मी शीटमध्ये कुठला सुटलेला चेंडू लिहिणार आहे. त्याच आठवड्यात एका कंपनीच्या चौथ्या राउंडमध्ये मला एक सोपा प्रश्न आला होता. उत्तर येत होतं, रोजच्या कामातलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो.

सोमवारी तो आला नाही. मला वाटलं दुखापत असेल. बुधवारीही नाही. दुसरा ट्रायलवालाही नाही. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी थर्मॉसचं झाकण उघडलं, दोन कप भरले.

'दर वर्षी एक तरी असतो,' त्या म्हणाल्या. 'मी हल्ली फार जवळून बघत नाही त्यांना.' मग थोड्या वेळाने, 'हा चांगला होता पण.'

कार पार्कमध्ये यूट नव्हती. मी उगाच एक चक्कर मारून आलो.

त्या दिवशी व्हिडिओ काढला खरा, पण पाठवला नाही. काय दाखवणार? साडेदहाला पप्पांचाच फोन आला.

'आज दिसला न्हाई त्यो. परवाच्यातबी नव्हता.'

'काढला त्याला, पप्पा.'

'बोलले काय त्याला?'

'मला काय माहीत. आला नाही, म्हणजे काढलाच.'

ते काही बोलले नाहीत. मागे आईचा आवाज, कुकरची शिट्टी, खाली दूधवाल्याची गाडी. आणि मग मी सांगून टाकलं. नोव्हेंबरातच नोकरी गेली, सुट्टी वगैरे काही नाही, १३ मेपर्यंत वेळ आहे, सत्तरच्या वर अर्ज केलेत, लोनचे हप्ते साठवलेल्यातून भरतोय. सगळं एका दमात, कुंपणाच्या पत्र्याकडे बघत. बाई उठून खुर्ची घेऊन दहा पावलं लांब जाऊन बसल्या. त्यांना मराठी कळत नाही, तरी.

'हां,' पप्पा म्हणाले.

'हां काय?'

'मला डिसेंबरातच कळालं हुतं. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी कामाच्या टायमाला कुठली कंपनी सोडती रे? मी तीस वर्सं ड्यूटी केलीय. मला काय कळत न्हाई व्हय?'

'मग विचारलं का नाही?'

'इचारलं असतं तर तू व्हिडिओ पाठवायचा बंद केला असतास.'

मैदानात कुणीतरी लांबून गोल मारला. सरावातला गोल, कुणी टाळ्या वाजवत नाही. पोरं परत आपापल्या जागेवर गेली.

'आईला सांगितलंय?' मी विचारलं.

'तिनंच मला सांगितलं,' ते म्हणाले. मग जरा थांबून, 'त्या पोराचं काम हाय न्हवं दुसरं? त्यो पिवळा शर्ट?'

'आहे.'

'मग झालं. दुसऱ्या तालमीत जाईल. दम हाय त्याच्यात.' आणि फोन ठेवता ठेवता, 'तू जेवलास का?' सकाळी साडेदहाला.

शुक्रवारी मी घरातल्या तिघांनाही सांगितलं. एकाला आधीच माहीत होतं. दुसऱ्याने त्याच्या मॅनेजरला रेझ्युमे पाठवला. तिसरा म्हणाला, 'भावा, तू रोज डबा भरून कुठे जायचास मग?' ते समजावून सांगायला बराच वेळ गेला, आणि त्याला काही ते पटलं नाही.

पुढच्या सोमवारी दहाला एक इंटरव्ह्यू होता, घरूनच, व्हिडिओवर. तासभर चालला. बरा गेला की वाईट ते कळलं नाही. संपल्यावर कान गरम झाले होते. हेडफोन काढले, चहा टाकला आणि फोन बघितला. पप्पांचा मेसेज, पहाटे पाच वाजून सहा मिनिटांचा.

'आज मेहनत न्हाई व्हय?'